भुकेली गादी

‘मणक्यात गॅप आलाय.’ अस्थिरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातल्या बाकावर, एसटीच्या प्रवासात, लग्नाच्या पंगतीत हे वाक्य इतक्यांदा कानी पडतं, की ते एका आजाराचं नावच होऊन बसलं आहे. ‘एल-फोर, एल-फाइव्ह’ ही अक्षरं तर सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखी तोंडपाठ झालेली असतात. वस्तुस्थिती मात्र या वाक्याच्या नेमकी उलट आहे. एक्स-रेवर दोन मणक्यांच्या मध्ये जी काळी फट दिसते, ती निरोगी पाठीत चांगली रुंद असते. ती जागा रिकामी नसते. तिथे गादी असते, पण गादी एक्स-रेत उमटत नाही. झिजलेल्या पाठीच्या फोटोत ही फट अरुंद झालेली असते. म्हणजे गॅप आलेला नसतो, गॅप कमी झालेला असतो.

शब्दाची ही अदलाबदल वाटते तितकी किरकोळ नाही. गॅप म्हटला की तो भरून काढावा असं मनात येतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ‘रीजनरेटिव्ह’ या नावाखाली जे उपचार पुढे आले, ते नेमकं हेच सांगतात: चिरफाड नको, एका सुईने गादी पुन्हा भरून येईल. कधी रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स, कधी त्याच्या कमरेच्या हाडातून काढलेला मगज, कधी परक्या दात्याच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूलपेशी. वर्षानुवर्षं कंबर धरून उठणाऱ्या माणसाला ही भाषा गोड लागणारच. 2020 साली जगात 61.9 कोटी लोकांना कंबरदुखी होती, आणि 2050 पर्यंत हा आकडा 84.3 कोटींवर जाईल असा आजारांच्या जागतिक मोजदादीचा अंदाज आहे. या विषयाची ओळख करून घ्यायची तर उपचारांच्या यादीपासून सुरुवात करून भागत नाही. सुरुवात गादीपासून करावी लागते, कारण या उपचारांचं यश आणि अपयश दोन्ही तिच्या घडणीतच दडलेलं आहे.

पाठीच्या कण्यात अशा 23 गाद्या आहेत. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये गादी नसते; तिथून खाली त्रिकास्थीपर्यंत प्रत्येक जोडीत एक. गादीच्या बाहेर चिवट तंतूंचं कडं असतं. त्यात 15 ते 25 थर, कांद्यासारखे एकाभोवती एक. एका थरातले धागे उजवीकडे कललेले, तर लगतच्या थरातले डावीकडे, त्यामुळे पीळ कुठल्याही बाजूने पडला तरी कुणीतरी धरून ठेवतंच. आणि आत गाभा. लहान मुलाच्या गादीतला गाभा सोललेल्या ताडगोळ्यासारखा असतो: अर्धपारदर्शक, थरथरता, 80 टक्क्यांहून जास्त पाण्याने भरलेला. साठी-सत्तरीतल्या माणसाची गादी कापून पाहिली तर त्या ताडगोळ्याचा मागमूस राहिलेला नसतो. पिवळट-तपकिरी, कोरडा, काथ्यासारखा धागेदार पदार्थ हाती लागतो. गाभा कुठे संपला आणि कडं कुठे सुरू झालं, हेही सांगता येत नाही.

हे पाणी धरून ठेवतो तो ॲग्रिकॅन नावाचा भलामोठा रेणू. तो तुटत गेला की पाणी सुटतं, गाभा बसतो, भार कड्यावर येतो आणि कड्याला चिरा पडतात. निरोगी गादीत मज्जातंतू फक्त कड्याच्या बाहेरच्या थरांत असतात. चिरा पडल्या की त्यांतून बारीक तंतू आत उतरू लागतात. ज्या जागेला आजवर दुखणं ठाऊकच नव्हतं, ती जागा दुखू लागते. बसल्यावर, पुढे वाकल्यावर वाढणारी, पायात फारशी न उतरणारी, महिनोन्‌महिने ठाण मांडून बसलेली अशी ही कंबरदुखी.

या गादीवर रोज किती भार पडतो, हे एका माणसाच्या सहनशीलतेमुळे तपशिलाने कळलं. जर्मनीतल्या उल्म विद्यापीठात हान्स-योआकिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी 45 वर्षांचा, 70 किलो वजनाचा एक अस्थिशल्यविशारद स्वतःहून पुढे आला. त्याच्या कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या निरोगी गादीत दीड मिलिमीटर व्यासाचा दाबमापक बसवला गेला आणि तो चोवीस तास तिथेच राहिला. त्या अवस्थेत तो झोपला, उठला, बसला, जिना चढला, शिंकला, हसला, ओझं उचललं. उताणं पडल्यावर दाब 0.1 मेगापास्कल. उभं राहिल्यावर 0.5. पाठ गोल करून, गुडघे न वाकवता 20 किलोचं ओझं उचललं तेव्हा 2.3. चारचाकीच्या टायरमध्ये हवा असते ती साधारण 0.22 मेगापास्कलची. म्हणजे पाण्याचा भरलेला डबा वाकून उचलणाऱ्या माणसाच्या कमरेतली ती गादी, टायरच्या दहापट दाब सोसत असते. तेच ओझं गुडघे वाकवून उचललं तर दाब 1.7 वर येतो. उचललेलं ओझं अंगाशी धरून उभं राहिलं तर 1.1 वर.

या नोंदींतला सर्वांत बोलका आकडा मात्र ओझ्याचा नाही, झोपेचा आहे. रात्री सात तास तो माणूस अंथरुणावर होता. काहीही न उचलता, काहीही न करता गादीतला दाब 0.1 वरून हळूहळू 0.24 वर गेला. गादी पाणी पीत होती. दिवसभर भाराखाली पिळून निघालेलं पाणी ती रात्री परत आत ओढून घेते. म्हणूनच माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा एखाद सेंटिमीटर उंच असतो.

आता कळीची गोष्ट. गादी ही माणसाच्या शरीरातली रक्तवाहिन्या नसलेली सर्वांत मोठी रचना आहे. स्नायूला, हाडाला, त्वचेला, यकृताला रक्त दारापर्यंत येऊन अन्न देतं. गादीला तसं दार नाही. वरच्या आणि खालच्या मणक्यातल्या केशवाहिन्या कूर्चेच्या एका पातळ थराशी येऊन थांबतात; तिथून पुढे प्राणवायू आणि ग्लुकोज केवळ झिरपत जातात. मोठ्या माणसाच्या गादीच्या मधोमध असलेली पेशी जवळच्या केशवाहिनीपासून सात-आठ मिलिमीटर दूर असते. शरीराच्या हिशेबाने हे अंतर म्हणजे टँकर न पोचणारी वाडी. ऑक्सफर्डच्या जिल अर्बन यांनी अनेक दशकं याच उपासमारीचा अभ्यास केला. मध्यभागी प्राणवायू अगदी कमी, ग्लुकोज कमी, आम्लता जास्त. म्हणूनच तिथे पेशीही विरळ असतात; गादीच्या आकारमानात पेशींचा वाटा एक टक्क्याच्या आसपास. वय वाढतं तसा कूर्चेचा थर घट्ट होतो, त्यात चुना साठतो, झिरपणं आणखी मंदावतं.

या चित्रासमोर ‘गादीत कोट्यवधी नव्या पेशी सोडू’ हे वाक्य ठेवून पाहावं. पेशींची संख्या कमी आहे हे खरं. पण ती कमी का झाली? अन्न पुरत नव्हतं म्हणून. दुष्काळात होरपळलेल्या गावात धान्याऐवजी दोन कोटी पाहुणे पाठवले, तर गाव सावरेल की दुष्काळात तेरावा महिना येईल? पेशी-उपचारांवर काम करणारे गंभीर संशोधक हा प्रश्न स्वतःलाच विचारत असतात. त्याचं उत्तर अजून कुणाच्या हाती पुरतं लागलेलं नाही, आणि सगळं शास्त्र सध्या याच उंबरठ्यावर उभं आहे.

प्राण्यांवरचे प्रयोग इतके यशस्वी आणि माणसांवरचे इतके धूसर का, याचं बरंचसं स्पष्टीकरणही इथेच मिळतं. उंदराची गादी जेमतेम मिलिमीटरभर उंचीची. झिरपून झिरपून किती झिरपायचं? शिवाय उंदीर आणि ससा यांच्या गादीत गर्भावस्थेतल्या पृष्ठरज्जूच्या पेशी मोठेपणीही टिकून राहतात. या पेशी गाभा घडवण्यात आणि राखण्यात वाकबगार असतात. माणसाच्या गादीतून त्या वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास जवळपास नाहीशा होतात. म्हणजे सशाची गादी दुरुस्त होते तेव्हा तिच्या घरात जुने गवंडी असतात. माणसाच्या घरातले गवंडी शाळकरी वयातच निघून गेलेले असतात.

जपानमधल्या तोकाई विद्यापीठाने या धाग्याचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा केला. तिथल्या दाइसुके साकाई आणि सहकाऱ्यांनी 2012 साली माणसाच्या गाभ्यातच मूलपेशींच्या धाटणीच्या, नवा गाभा घडवू शकणाऱ्या पेशी असल्याचं दाखवलं; मात्र वयाबरोबर त्यांची संख्या झपाट्याने घसरते, हेही त्याच निबंधात होतं. त्याआधीपासून जोजी मोचिदा यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे एक प्रयोग चालू होता. विशीतले नऊ रुग्ण. प्रत्येकाच्या एका मोडकळीस आलेल्या गादीच्या जागी मणके जोडण्याची शस्त्रक्रिया करायचीच होती. ती गादी काढल्यावर एरवी ती टाकून दिली जाते. इथे तिच्या गाभ्यातल्या पेशी वेगळ्या करून, रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या मूलपेशींच्या सहवासात ठेवून ताज्यातवान्या केल्या गेल्या, आणि आठवड्याभराने दहा लाख पेशी शेजारच्या, थोड्या झिजलेल्या गादीत सोडल्या गेल्या. काढलेल्या गादीने उरलेल्या गादीला दिलेला हा हात. तीन वर्षांच्या पाठपुराव्यात उपचारामुळे अपाय झाल्याचं दिसलं नाही. संशोधकांचा दावाही तेवढाच होता: सुरक्षितता. नऊ रुग्णांवरून परिणामकारकता सांगता येत नाही, हे त्यांनी जाणलं. या क्षेत्रात असा संयम दुर्मीळ आहे, म्हणून त्याची इथे मुद्दाम नोंद.

सुईने गादीवर उपचार करण्याची कल्पना नवी नाही. 1934 साली बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी फुटलेली गादी मज्जातंतूंवर दाब आणते हे दाखवून दिलं आणि गादीच्या शस्त्रक्रियेचं युग सुरू झालं. त्यानंतर तीस वर्षांनी चाकूला पर्याय म्हणून पुढे आली, ती चक्क पपई. मटण लवकर शिजावं म्हणून आपल्याकडे कच्च्या पपईचा तुकडा टाकतात. त्यातलं विकर प्रथिनं मोडतं. 1956 मध्ये ल्युइस थॉमस यांनी सशांना पपईतलं पपेन टोचलं, तर काही तासांत त्यांचे ताठ कान लोंबकळू लागले. कानाची कूर्चा विरघळली होती. काही दिवसांनी ती पुन्हा भरून आली. हे वाचून इलिनॉयमधले अस्थिशल्यविशारद लायमन स्मिथ यांच्या मनात आलं की गादीचा गाभाही त्याच जातीचा आहे. पपईतलंच दुसरं विकर, कायमोपपेन, त्यांनी 1963 मध्ये पहिल्यांदा माणसाच्या गादीत टोचलं. 1982 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. हजारो रुग्णांचा पाय दुखायचा थांबला. पण काहींना जिवावर बेतणारी ॲलर्जी झाली, मोजक्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली, आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे औषध बाजारातून गेलं. 2018 मध्ये जपानने कॉन्डोलियेज नावाचं, जिवाणूपासून मिळवलेलं जास्त नेमकं विकर मान्य केलं, त्यामागे कल्पना तीच.

इथे एक फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण दवाखान्यात तो फार वेळा पुसला जातो. पपईचं विकर गाभा घटवण्यासाठी होतं. मूलपेशी तो वाढवण्यासाठी आहेत. दोन्हींचे आजार वेगळे. गादीचा तुकडा बाहेर सरकून नस दबते, पायात कळ उतरते, ती सायटिका. तिचा स्वभाव बराचसा आपोआप निवळण्याचा आहे. 2015 च्या एका संकलित अभ्यासात, गादीपासून तुटून सुटा झालेला तुकडा 96 टक्के रुग्णांत शरीराने आपणहून शोषून घेतलेला आढळला. गादी नुसतीच फुगलेली असेल तर हे प्रमाण 13 टक्के. याचं कारण पुन्हा तेच, रक्त. सुटा तुकडा कड्याबाहेर पडतो तेव्हा आयुष्यात प्रथमच त्याला रक्ताचा शेजार मिळतो आणि सफाई करणाऱ्या पेशी त्याच्यापर्यंत पोचतात. आतला गाभा मात्र ना नीट जगवला जातो ना नीट साफ केला जातो. मूलपेशी आणि प्लेटलेट्सचे उपचार ज्यांच्यासाठी तपासले जात आहेत, ती ही आतल्या आत झिजणारी, नस न दाबणारी, वर्षानुवर्षांची कंबरदुखी.

आणि तिथेही एमआरआय दगा देतो. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या 3,110 लोकांचे स्कॅन एकत्र पाहिले गेले. विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या. पन्नाशीत 80 टक्के, ऐंशीत 96 टक्के. यांपैकी कुणाचीच पाठ दुखत नव्हती. एमआरआयवर काळी पडलेली गादी दिसली, म्हणजे दुखण्याचा अपराधी सापडला असं होत नाही. केस पिकावेत तशीही ती झिजलेली असू शकते. म्हणून रिपोर्टवर बोट ठेवून ‘हीच गादी, हिच्यातच इंजेक्शन’ असं पहिल्याच भेटीत सांगणाऱ्याकडे रुग्णाने सावधपणे पाहावं.

प्रत्यक्ष उपचार असतो तरी कसा? प्लेटलेट्स डेंग्यूमुळे घराघरांत माहीत झाल्या आहेत. रुग्णाच्या हातातून थोडं रक्त काढतात, नळी वेगाने फिरणाऱ्या यंत्रात ठेवतात. थोड्या वेळाने नळीत तीन थर दिसतात: तळाला गडद लाल, वर गवती पिवळा द्रव, आणि दोहोंच्या सांध्यावर साबणाच्या फेसासारखी पांढुरकी पातळ रेघ. प्लेटलेट्सची दाटी या रेघेच्या आसपास असते. मूलपेशींसाठी कमरेच्या मागच्या हाडात जाड सुई घालून मगज ओढून घ्यावा लागतो. मग रुग्ण पालथा झोपतो, पोटाखाली उशी. तो जागा असतो. फक्त कातडी आणि स्नायू बधिर केलेले. चालता एक्स-रे दाखवणाऱ्या सी-आर्म यंत्राच्या पडद्यावर पाहत डॉक्टर मागून-बाजूने, तिरकी, लांब, बारीक सुई सरकवतात. वाट ठरलेली: बाहेर पडणारी नस, खालच्या मणक्याची कड आणि मागचा सांधा यांच्यामधली एक त्रिकोणी मोकळी जागा, जिला फिलाडेल्फियाच्या पर्विझ कॅम्बिन यांचं नाव मिळालं आहे. कड्याशी सुई अडते, जरा दाबावी लागते, मग एकदम सैल जाते. आत जागा किती? दोन-तीन मिलिलिटर गेलं तरी पुष्कळ. औषध शिरताना रुग्णाला अनेकदा त्याची नेहमीचीच ओळखीची कळ उठते. तासाभरात तो आपल्या पायांनी चालत बाहेर येतो. टाके नाहीत, रुग्णालयात मुक्काम नाही.

पण सुई जितकी बारीक दिसते तितकी ती निरुपद्रवी नाही. स्टॅनफर्डच्या यूजीन कॅरागी यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केवळ तपासणीसाठी गादीत सुई घातलेल्या लोकांची दहा वर्षांनी पुन्हा एमआरआय तपासणी झाली. सुई गेलेल्या गटात 35 टक्के गाद्यांची झीज पुढे सरकली होती. सुई न गेलेल्या तुलनेच्या गटात 14 टक्के. ज्या कड्याला सांधायला रक्त येत नाही, त्याला पाडलेलं छिद्र तसं सहज बुजत नाही. गादी दुरुस्त करायची म्हणून तिला आणखी एक भोक पाडावं लागतं. या उपचारांचा हा अंगभूत पेच आहे, आणि मिळणारा लाभ त्या भोकाच्या किमतीहून मोठा असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यावर येते.

तो लाभ किती? न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीतली 2016 ची चाचणी आशादायक होती. 47 रुग्ण, काहींच्या गादीत प्लेटलेट्सचा द्रव, काहींच्या गादीत फक्त एक्स-रेत दिसणारं रंगद्रव्य. आठ आठवड्यांनी प्लेटलेट्सवाल्यांची वेदना आणि हालचाल जास्त सुधारली होती. त्यानंतर मात्र दुसऱ्या गटातल्या रुग्णांनाही प्लेटलेट्स घेण्याची मुभा दिली गेली. माणुसकीच्या दृष्टीने ते योग्य, पण लांबच्या काळातली तुलना तिथेच संपली. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 26 रुग्णांच्या चाचणीत प्लेटलेट्स आणि सलाइन यांत म्हणावा असा फरक दिसला नाही.

मूलपेशींची सर्वांत मोठी कसोटी मेलबर्नच्या मेसोब्लास्ट कंपनीने घेतली. निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या 60 लाख पेशी, एकच इंजेक्शन, 404 रुग्ण, तुलनेला सलाइन. फेब्रुवारी 2021 मध्ये निकाल जाहीर झाला: वेदना आणि कामकाज दोन्ही मिळून ठरवलेली मुख्य कसोटी गाठता आली नाही. नुसत्या वेदनेच्या आकड्यात, विशेषतः दुखणं फार जुनं नसलेल्यांत, फरक दिसत होता. युरोपातल्या ‘रिस्पाइन’ या चाचणीत 114 रुग्णांपैकी अर्ध्यांना दात्याच्या दोन कोटी पेशी दिल्या, उरलेल्यांना इंजेक्शनचा नुसता देखावा. वर्षभरानंतर पेशी मिळालेल्यांपैकी 74 टक्क्यांना आराम होता. देखावा मिळालेल्यांपैकी 69 टक्क्यांना.

या 69 टक्क्यांवर क्षणभर थांबावं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. पाठदुखीला भरती-ओहोटी असते, आणि माणूस उपचाराला जातो तो भरतीच्या टोकाला. त्यानंतरची ओहोटी जे हाताशी असेल त्याच्या खात्यात जमा होते. शिवाय काळजीने केलेली तपासणी, विश्वासाने टेकवलेली मान, ‘आता बरं वाटेल’ हा आधार यांनाही वेदनेच्या मेंदूतल्या वाटा ओळखतात. म्हणून ‘आमच्याकडे दहापैकी सात जण बरे झाले’ हे वाक्य कुठल्याही दवाखान्यात ऐकू आलं, ते शंभर टक्के प्रामाणिक असलं, तरी त्यातून इंजेक्शनबद्दल काहीच सिद्ध होत नाही. त्या सातांतले किती जण सलाइननेही सावरले असते, हे तुलनेच्या गटाशिवाय देवालाच ठाऊक.

धोका केवळ पैसे वाया जाण्याचा नाही. 2018 साली अमेरिकेत, नाळेच्या रक्तापासून बनवलेलं आणि रीतसर मान्यता नसलेलं एक ‘स्टेम सेल’ उत्पादन टोचल्यानंतर 12 जणांना जंतुसंसर्गामुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. गादीत जंतू शिरले की त्यांना हुसकावणं महाकर्मकठीण, कारण प्रतिजैविक तरी रक्ताशिवाय पोचणार कसं?

भारतात कायद्याची रेघ पुरेशी स्पष्ट आहे. 2017 ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की रक्ताच्या आणि तत्सम ठरावीक आजारांसाठीचं मूलपेशी-प्रत्यारोपण सोडलं, तर मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीच्या पेशींना 2022 मध्ये औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली, पण ती गुडघ्याच्या झिजेसाठी. त्या बातमीचं कात्रण दाखवून पाठीसाठी कुणी शब्द देत असेल, तर गुडघा आणि गादी यांतला फरक रुग्णाने लक्षात ठेवावा. चाचणी खरी असेल तर तिची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाकडे नोंद असते, तिला क्रमांक असतो आणि तो क्रमांक घरबसल्या तपासता येतो. खऱ्या चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत. अपाय झाला तर उपचार आणि भरपाईची तरतूद असते. ‘चाचणी’ म्हणायचं आणि लाखाचं पॅकेजही मागायचं, या दोन गोष्टी एका टेबलावर बसत नाहीत.

काही दुखण्यांना तर यातल्या कशाचीही वाट पाहायची नसते. लघवीवरचा ताबा जाणं, बसायची जागा बधिर होणं, पाऊल उचलेनासं होणं ही शस्त्रक्रियेची, तीही तातडीची, लक्षणं आहेत. बारीक ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल तर आपल्याकडे मणक्याच्या क्षयाचा विचार आधी करावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदा मार्गदर्शिका काढली. तिच्यात व्यायाम आहे, समजावून सांगणं आहे, मनाच्या बाजूने केलेले उपचार आहेत. महाराष्ट्रातल्या दर दुसऱ्या कपाटात सापडणारा कमरेचा पट्टा आणि वजनं लावून ताण देणं यांची मात्र तिने शिफारस केलेली नाही. 2024 साली लॅन्सेटमध्ये आलेली ऑस्ट्रेलियातली चाचणी चालण्याबद्दल होती. पाठदुखीच्या झटक्यातून नुकत्याच सावरलेल्या 701 लोकांपैकी अर्ध्यांना टप्प्याटप्प्याने चालण्याचा कार्यक्रम आखून दिला. त्यांना पुढचा झटका मध्यकाच्या हिशेबाने 208 दिवसांनी आला, इतरांना 112 दिवसांनी. भुकेल्या गादीच्या संदर्भात हे समजण्यासारखं आहे. चालताना भार येतो-जातो, लयीत. हालचालीने स्नायू आणि मणक्यातलं रक्ताभिसरण जागं राहतं, आणि कूर्चेच्या त्या थराशी येऊन थांबलेल्या केशवाहिन्यांत काहीतरी आणून ठेवलं जातं. गादीला अन्न पोचवायचा दुसरा कुठलाही रस्ता माणसाला अजून सापडलेला नाही.

म्हणून मूलपेशींचा नाद सोडून द्यावा का? मुळीच नाही. काही रुग्णांच्या गादीत या पेशी नवा गाभा घडवत नसतील, पण दाह शमवणारी द्रव्यं सोडून वेदना उतरवत असतील, असा आता बऱ्याच संशोधकांचा कयास आहे. पाहुण्यांनी शेत नाही नांगरलं, पण घरातलं भांडण मिटवलं, असा. तो खरा असेल तर अचूक रुग्ण निवडणं महत्त्वाचं: एखाद-दुसरी गादी, मध्यम झीज, उंची अजून टिकलेली, दुखणं फार जुनं न झालेलं. मेसोब्लास्टची 300 रुग्णांची दुसरी चाचणी 2024 मध्ये अमेरिकेत सुरू झाली ती याच विचाराने. या वेळी मुख्य कसोटी एकच आहे, बारा महिन्यांनंतरची वेदना.

अशा चाचणीच्या खोलीत सिरिंजभोवती अनेकदा अपारदर्शक पट्टी गुंडाळलेली असते. आत पेशींचा धुकट द्रव आहे की स्वच्छ सलाइन, हे पालथ्या झोपलेल्या माणसाला दिसत नाही, त्याला पुढे भेटणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नसतं. सी-आर्मच्या पडद्यावर सुईचं टोक गादीच्या मध्यावर येतं, दट्ट्या हळूहळू खाली जातो. मग तो माणूस घरी जातो, कामाला लागतो, जिने चढतो, पोराला उचलून घेतो. वर्षाने त्याला परत बोलावतात, दहा सेंटिमीटरची एक आडवी रेघ पुढे ठेवतात, डाव्या टोकाला ‘अजिबात नाही’, उजव्या टोकाला ‘असह्य’, आणि हातात पेन देऊन विचारतात, आज किती दुखतंय?